टू-स्ट्रोक ट्रेल बाईक नेमक्या कोणी बंद केल्या?

दऱ्याखोरे (धागालेखक)

डोंगरातल्या पायवाटांवर, जंगलातल्या मातीच्या रस्त्यांवर आणि ओढ्यातल्या दगडगोट्यांतून चालवण्यासाठी बनवलेल्या हलक्या टू-स्ट्रोक (पिस्टनच्या एका खाली-वर फेरीतच इंजिनाचे चक्र पुरे करणाऱ्या) मोटरसायकली, म्हणजे ज्यांना आपण ट्रेल बाईक म्हणतो, त्या मोठ्या जपानी कंपन्यांच्या यादीतून जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. मी उत्तर कॅलिफोर्नियात राहतो आणि हॉलिस्टर हिल्सच्या राखीव वाटांवर अजूनही जुनी कावासाकी केडीएक्स २०० चालवतो. या गाड्या का गेल्या याचे जे उत्तर सर्रास दिले जाते, ते मला अपुरे वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. यामाहाने १९६८ साली २४६ सीसीची डीटी-१ अमेरिकेत आणली. त्याआधी रानात न्यायची गाडी म्हणजे बहुतेक वेळा रस्त्यावरच्याच गाडीचा सायलेन्सर वर उचलून आणि तिला दातेरी टायर चढवून केलेली तडजोड असे, नाहीतर युरोपातून आलेली शर्यतीची महाग गाडी असे. डीटी-१ ला दिवे होते, नंबरप्लेट मिळत होती, ती घरून चालवत रानात नेता येत होती आणि संध्याकाळी चालवतच परत आणता येत होती. सुझुकीची टीएस मालिका त्याच वाटेने आली. १९८३ साली कावासाकीने केडीएक्स २०० काढली, ती मात्र रस्ता सोडून पूर्णपणे रानासाठीच होती. तिचे वजन शंभर किलोच्या आसपास होते, ती शर्यतीच्या गाडीइतकी तापट नव्हती आणि शिकाऊ गाडीइतकी मवाळही नव्हती. नोकरी करून शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या साध्या माणसासाठी ती बनवली होती, आणि थोडेफार बदल होत ती वीस वर्षांहून अधिक काळ विकली गेली.

मग ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेने २००२ च्या अखेरीस रानात चालणाऱ्या मोटरसायकलींसाठी प्रथमच धुराची मर्यादा जाहीर केली. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून दर किलोमीटरला २ ग्रॅम, अशी ती मर्यादा होती. २००६ साली कंपनीच्या निम्म्या गाड्यांना आणि २००७ पासून सगळ्या गाड्यांना ती लागू झाली. नेमक्या त्याच सुमारास केडीएक्स बंद झाली, आणि लोक म्हणू लागले की कायद्याने टू-स्ट्रोक मारली.

माझे म्हणणे असे आहे की कायद्याने टू-स्ट्रोक मारली नाही, टू-स्ट्रोकमधली फक्त साध्या माणसाची गाडी मारली. त्याच नियमात केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांना सूट होती, आणि म्हणूनच यामाहाची वायझेड २५० आजही नवी कोरी मिळते. इंजिनाची जात तीच आणि धूर सोडण्याची रीतही तीच, पण एक गाडी शर्यतीची म्हणून वाचली आणि दुसरी सहलीची म्हणून गेली. परिणामी ज्याला टू-स्ट्रोकच हवी आहे तो आज शर्यतीची गाडी घेऊन पायवाटेवर येतो. तिचा जोर जास्त, आवाज जास्त, आणि मागच्या चाकाने माती उकरणेही जास्त. ज्यांनी या गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या किंवा या उद्योगात काम केले, त्यांची मते वाचायला मला आवडेल. या गाड्या वाचवता आल्या असत्या का?

कास्टर_तेल

दऱ्याखोरे, कायद्याकडे जाण्याआधी इंजिनाकडे पाहिले पाहिजे, कारण या इंजिनाचा धूर ही निव्वळ तक्रार नाही, तो त्याच्या रचनेतच आहे.

टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व नसतात. पिस्टन खाली येऊ लागला की सिलिंडरच्या भिंतीतले एक्झॉस्ट पोर्ट आधी उघडते आणि लगोलग ट्रान्स्फर पोर्ट उघडतात. जळालेला वायू बाहेर पडत असतानाच पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत शिरते, आणि काही क्षण दोन्ही दारे एकदमच उघडी असल्यामुळे आलेले काही मिश्रण न जळताच बाहेर निघून जाते. कार्बोरेटरवाल्या इंजिनात पेट्रोलचा चौथा ते तिसरा हिस्सा असा वाया जाऊ शकतो. त्यात टू-टी ऑइल पेट्रोलबरोबरच जळायचे असते, म्हणजे वंगणाचाही धूर होतो.

आता ट्रेलचा मुद्दा. टू-स्ट्रोकचा तो फुगीर एक्झॉस्ट पाइप दिसायला विचित्र असला तरी त्याचे काम अत्यंत हुशारीचे आहे. पाइपच्या शेवटच्या निमुळत्या भागावर आदळून दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. पण हे गणित इंजिनाच्या फेऱ्यांच्या एका ठराविक पट्ट्यातच जुळते. शर्यतीत इंजिन बराच वेळ त्या पट्ट्यात राहते. पायवाटेवर मात्र आपण अर्धा क्लच दाबून, थ्रॉटल उघडझाप करत, कमी फेऱ्यांवर दगड चढत असतो, म्हणजे पाइपची मदत जिथे सर्वांत कमी मिळते तिथेच ही गाडी दिवसभर चालते. कावासाकीने किप्स आणि यामाहाने वायपीव्हीएस या नावांनी एक्झॉस्ट पोर्टची उंची फेऱ्यांनुसार बदलणारे पॉवर व्हॉल्व आणले. त्यामुळे खालचा पिकअप खूप सुधारला, पण दर किलोमीटरला २ ग्रॅम हे उद्दिष्ट त्याने गाठण्यासारखे नव्हते. म्हणून शर्यतीच्या गाडीला सूट आणि ट्रेलच्या गाडीला बंधन हा अन्याय वाटला, तरी ट्रेलच्या वापरात हे इंजिन अधिक खराब जळते, हेही लक्षात घ्या.

अनुराधा_पुणे

मी श्वसनविकारांच्या क्षेत्रात काम करते, आणि मला या हळहळीत सामील होता येत नाही, हे स्पष्टपणे सांगते. १९९० च्या दशकात पुण्यातल्या चौकात सिग्नलला थांबलेल्यांना तो निळसर धूर आठवत असेल. रिक्षा, स्कूटर, मोपेड आणि बऱ्याचशा मोटरसायकली तेव्हा टू-स्ट्रोक होत्या, आणि रिक्षात तर स्वस्तातले वंगण हवे त्याहून जास्त ओतण्याची सवय सर्रास होती. आपल्याकडे १९९६ आणि २००० च्या मर्यादांनी या इंजिनांना बाजारातून हळूहळू बाहेर काढले आणि ते योग्यच झाले.

रानात कोणी राहत नाही म्हणून तिथे चालेल, हा युक्तिवाद मला पटत नाही. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यांत तर डोंगरांमुळे हवा कोंडते. तिथे उन्हाळ्याच्या सुटीत रानात फिरणाऱ्या गाड्यांचा धूर शेवटी खोऱ्यातल्या मुलांच्याच छातीत जातो.

दऱ्याखोरे

अनुराधाताई, तुमचा मुद्दा मान्य आहे, आणि ज्या राज्यात मी राहतो तिथे नेमका हाच विचार करून नियम केला गेला. कॅलिफोर्नियाने रानातल्या गाड्यांचे दोन वर्ग केले होते. धुराच्या मर्यादेत बसणाऱ्या गाडीला हिरवा स्टिकर मिळे आणि ती वर्षभर चालवता येई. न बसणाऱ्या गाडीला लाल स्टिकर मिळे आणि जिथे ओझोनचा त्रास आहे अशा भागांत तिला ठराविक महिन्यांतच परवानगी असे. २००३ ते २०२१ च्या मॉडेलांत चासी क्रमांकातले आठवे अक्षर सी किंवा ३ असले की गाडी लाल वर्गातली समजायची. २०२२ च्या मॉडेलांपासून नव्या गाड्यांना लाल स्टिकर देणे बंद झाले.

ही व्यवस्था मला बरीचशी न्याय्य वाटत होती, कारण तिने गाडी घ्यायला मनाई केली नाही, फक्त ती कधी आणि कुठे चालवायची ते ठरवून दिले. ईपीएच्या देशभराच्या नियमात ऋतू किंवा जागा यांचा विचार नव्हता. त्यात विचार होता गाडी शर्यतीची आहे की सहलीची एवढाच, आणि माझा आक्षेप त्या भेदावर आहे. हवा स्वच्छ हवी यावर आपले दुमत नाही.

वाटसरू_७

केडीएक्स गेली, पण तिच्या जागी काही आलेच ना? होंडाची सीआरएफ २३० एफ २००३ साली आली आणि यामाहाची टीटीआर २३० त्यानंतर. दोन्ही फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, बटनस्टार्ट, धूर नाही. सामान्य माणसाची ट्रेल बाईक संपली असे कसे म्हणता येईल?

दऱ्याखोरे

वाटसरू, त्या गाड्या विश्वासू आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांचे वजन केडीएक्सपेक्षा जास्त आणि सस्पेन्शन साधे, त्यामुळे खडकाळ चढावर किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून जाताना तो फरक दंडांना जाणवतो. केडीएक्स घेतलेला माणूस शिकत शिकत कसलेला चालक झाला तरी ती गाडी त्याला पुरत असे, आणि माझ्या लेखी ट्रेल बाईकची खरी कसोटी तीच आहे.

लेथवाला_कोल्हापूर

उद्यमनगरात माझे छोटे वर्कशॉप आहे. माझ्या हातांखालून गेलेल्या गाड्या मुख्यतः आरएक्स १००, आरएक्स १३५, शोगन आणि येझदी. परदेशी ट्रेल बाईक क्वचितच येतात. पण इंजिनाची जात एकच असल्याने दुरुस्तीविषयी बोलू शकतो, आणि या चर्चेत दुरुस्तीचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही.

टू-स्ट्रोकचे हेड काढायला चार-सहा नट सोडवावे लागतात, सिलिंडर वर उचलला की पिस्टन समोर असतो. त्यात व्हॉल्व नाही, कॅम नाही, टायमिंगची साखळी नाही. नवी रिंग बसवताना ती आधी मोकळ्या सिलिंडरमध्ये घालायची आणि पिस्टनच्या माथ्यानेच सरळ आत ढकलायची, म्हणजे ती तिरकी बसत नाही. मग तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज सरकवून माप घ्यायचे. फट कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर खरवडते, फट जास्त असेल तर दाब निसटतो. एवढे नीट पाहिले आणि रिंगची टोके पिस्टनवरच्या बारीक खिळीला बरोबर बसवली, की ज्याला हाताची सवय आहे तो माणूस हे काम घराच्या ओट्यावर बसून दुपारभरात करतो. आरएक्सच्या बिडाच्या सिलिंडरला तर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो, आणि बोअरिंगवाला प्रत्येक तालुक्याच्या गावी असायचा. केडीएक्सच्या सिलिंडरला आतून कडक मुलामा असतो, त्यामुळे तिथे नुसते बोअर करून भागत नाही, परंतु पिस्टन आणि रिंगचे काम तितकेच सोपे आहे.

आता जास्त फेऱ्यांवर चालणारे शर्यतीच्या वळणाचे फोर-स्ट्रोक घ्या. व्हॉल्व घासून क्लिअरन्स कमी झाला की शिम बदला, सीट खराब झाली की हेड बाहेर पाठवा, आणि व्हॉल्व तुटून आत पडला तर पिस्टन, हेड आणि कधीकधी क्रँकसुद्धा जाते. इथे एका मुलाने कर्ज काढून अशी जुनी परदेशी गाडी घेतली होती. इंजिनाचे हेड मिळवण्यातच त्याची दोन पावसाळे गाडी उभी राहिली. साध्या माणसाच्या हातून दुरुस्ती काढून घेतली गेली, हे मला धुराइतकेच गंभीर वाटते.

माधवी_व्हिक्टोरिया

ऑस्ट्रेलियातून लिहिते आहे. आमच्या भागात मेंढ्या आणि गुरे राखायला शेतावर मोटरसायकल लागते. इथल्या शेतकऱ्यांनी यामाहाच्या एजी १०० आणि एजी १७५, सुझुकीची टीएफ या टू-स्ट्रोक शेती-गाड्या वर्षानुवर्षे वापरल्या. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत चिखलातून, ढेकळांतून चालणारी, पुढे-मागे कॅरिअर असलेली, साखळी झाकलेली अशी ती गाडी असते. माझ्या सासऱ्यांच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये एक एजी १७५ अजून आहे आणि कुत्रा तिच्या मागच्या कॅरिअरवर स्वतःहून उडी मारून बसतो.

मला दऱ्याखोरे यांच्या मुद्द्याला पुष्टी द्यायची आहे, पण थोड्या वेगळ्या बाजूने. आमच्याकडे रानातल्या आणि शेतातल्या मोटरसायकलींना अमेरिकेसारखी धुराची मर्यादा नव्हती. तरीही केडीएक्स आमच्याकडूनही गेली, कारण जपानी कंपनीने गाडी बनवायची की नाही हे ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकाकडे पाहून ठरत नाही. सर्वांत मोठा बाजार अमेरिकेचा. तिथे विकता येत नसेल तर उरलेल्या जगासाठी कारखान्यातली ओळ चालू ठेवणे परवडत नाही. म्हणजे ज्या देशात ती गाडी पूर्णपणे कायदेशीर होती, तिथेही ती दुसऱ्या देशाच्या नियमाने बंद झाली.

चाकणकर

मी वाहन उद्योगात इंजिन विकासाचे काम करतो. माधवीताईंनी लिहिलेले कारखान्याच्या आतून पाहिले तरी तसेच दिसते, पण त्यात एक भर घालावीशी वाटते: कायदा येण्याच्या आधीच कंपन्यांचे मन टू-स्ट्रोकवरून उठले होते.

१९९७ साली लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये (स्टेडियममधल्या मातीच्या मार्गावरच्या मोटरसायकल शर्यतीत) डग हेन्री यांनी यामाहाच्या फोर-स्ट्रोक प्रोटोटाइपवर शर्यत जिंकली. त्या मालिकेत फोर-स्ट्रोकचा तो पहिलाच विजय होता, आणि लगेच १९९८ ची वायझेड ४०० एफ बाजारात आली. अमेरिकेतल्या शर्यतींच्या नियमांत २५० सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर जवळजवळ दुप्पट सीसीचे फोर-स्ट्रोक उतरवता येत होते. दुप्पट सीसी मिळाल्यावर फोर-स्ट्रोक जिंकणार हे उघड होते. शर्यतीत जे जिंकते ते दुकानात विकले जाते, आणि जे विकले जाते त्यावर संशोधनाचा पैसा लागतो. होंडाने २००७ च्या मॉडेलानंतर सीआर १२५ आणि सीआर २५० या स्वतःच्या शर्यतीच्या टू-स्ट्रोकही बंद केल्या. त्यांना तर कायद्याची सूट उपलब्ध होती! म्हणून ‘कायद्याच्या सुटीमुळे शर्यतीची गाडी वाचली’ हे यामाहापुरते खरे आहे, सगळ्यांसाठी नाही.

सर्वांत दुःखाची गोष्ट होंडाचीच आहे. संस्थापक सोइचिरो होंडा यांचा स्वतःचा ओढा फोर-स्ट्रोककडे होता हे प्रसिद्धच आहे, तरीही त्यांच्या कंपनीने टू-स्ट्रोकचा धूर कमी करण्यावर जे काम केले ते असामान्य होते. कमी भारावर सिलिंडरमध्ये उरलेल्या गरम वायूचाच उपयोग करून मिश्रण स्वतःहून, ठिणगीवर अवलंबून न राहता, पेटवायचे, अशी ती पद्धत होती. त्या तत्त्वावरची सुमारे ४०० सीसीची ईएक्सपी-२ १९९५ च्या ग्रॅनडा-डाकार रॅलीत एकूण क्रमवारीत पाचवी आली. १९९७ साली तेच तंत्र घेऊन सीआरएम २५० एआर ही ट्रेल बाईक जपानमध्ये विक्रीला आली, आणि कास्टर_तेल यांनी सांगितलेल्या कमी फेऱ्यांच्या अर्धवट ज्वलनावर तिचा रोख होता. म्हणजे ट्रेल बाईकचे दुखणे कुठे आहे ते होंडाला नेमके समजले होते आणि औषधही हाती आले होते. तरी काही वर्षांतच ते काम सोडून देण्यात आले.

कास्टर_तेल

चाकणकर, सीआरएमची आठवण काढलीत हे फार बरे झाले. मात्र त्या पद्धतीने अर्धवट ज्वलन सुधारले तरी दोन्ही पोर्ट एकदम उघडी असताना निसटणारे पेट्रोल पूर्णपणे थांबत नाही. त्यासाठी एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यावर किंवा बंद होत आल्यावर थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणे हाच उपाय आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीने ते तंत्र विकसित केले आणि आपल्या बजाजने २००७ साली ते टू-स्ट्रोक रिक्षात आणले. फिलिपिन्समध्ये एन्व्हायरोफिट या संस्थेने जुन्या तिचाकी टॅक्सींच्या इंजिनांवर असेच किट बसवले. रोज मजुरी कमावणाऱ्या रिक्षावाल्याच्या इंजिनात जे बसू शकले, ते हौशी माणसाच्या ट्रेल बाईकमध्ये का बसू नये?

अनुराधा_पुणे

हे मला माहीत नव्हते आणि वाचून माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे. धूर कमी करणारे तंत्र उपलब्ध असताना कंपन्यांनी ते वापरले नाही, तर दोष कायद्याकडे जात नाही, उलट कायद्याने योग्य ते मागितले होते असाच त्याचा अर्थ होतो.

घाटमाथा

आपल्याकडचे लिहितो. भारतात टू-स्ट्रोक मोटरसायकली अनेक होत्या, पण कारखान्यातून निघालेली खरी टू-स्ट्रोक ट्रेल बाईक सर्वसामान्य गिऱ्हाइकाला कधी मिळालीच नाही. डर्ट ट्रॅक आणि रॅलीत मुले शोगन आणि आरएक्सच घासूनपुसून उतरवत. हीरोची इम्पल्स २०११ साली आली तेव्हा ती फोर-स्ट्रोक होती, आणि २०१९ ची एक्सपल्स २०० देखील तशीच आहे. त्यामुळे आजही घाटाखालच्या गावांत एखादा मुलगा आरएक्स १०० घेऊन तिला उंच मडगार्ड, लांब शॉक आणि दातेरी टायर लावतो, म्हणजे डीटी-१ च्या आधी अमेरिकेत जे चालले होते तेच आपण अजून करतो आहोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, शिवाय राखीव वनात गाडी घालणे हा वेगळा गुन्हा आहे. कॅलिफोर्नियासारख्या खास राखून ठेवलेल्या वाटा सह्याद्रीत नाहीत, आणि म्हणून या गाड्यांना इथे बाजारही उभा राहिला नाही.

मदतकार्य

मी काही वर्षे मलावीत आरोग्याच्या कामावर होतो. आफ्रिकेतल्या मदतसंस्थांच्या ताफ्यांत यामाहाची डीटी १२५ आणि एजी १०० या गाड्या सर्वत्र दिसत असत, आणि अमेरिका-युरोपातून अशा गाड्या गेल्यावरही त्या तिथे बराच काळ मिळत राहिल्या. लस असलेली पेटी मागे बांधून आरोग्यसेवक पावसाळ्यात लाल चिखलातून वाडीवाडीवर जात. गाडी पडली तरी किक मारली की चालू होई, आणि लेथवाला म्हणतात तशी दुरुस्ती कुठेही होई.

तरीही मला दुसरी बाजू मांडलीच पाहिजे. आमच्या ताफ्यात फोर-स्ट्रोक गाड्या आल्या तेव्हा पेट्रोलची बचत पहिल्याच महिन्यात हिशेबाच्या वहीत दिसली. जिथे पेट्रोल ड्रममधून आणि उशिरा येते, तिथे तेवढ्याच पेट्रोलमध्ये आणखी एक गाव गाठता येणे याला फार किंमत आहे. शिवाय वेगळ्या टाकीतले टू-टी ऑइल संपले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, की पिस्टन जाम होत असे. आणि ऑइलची बाटली बाजारात मिळेलच अशी खात्री नसे. आरोग्यसेवकांना यातली कोणती गाडी हवी असे विचारले असते, तर बहुतेकांनी फोर-स्ट्रोकच मागितली असती असे मला प्रामाणिकपणे वाटते.

लेथवाला_कोल्हापूर

मदतकार्य, तुमचे बरोबर आहे. रोजच्या धंद्याला फोर-स्ट्रोकच परवडते, म्हणून तर आपल्याकडे १९८५ साली आलेल्या हीरो होंडा सीडी १०० ने बाजार उलटवला. माझा आग्रह रानातल्या, स्वतः हात घालणाऱ्या माणसापुरता आहे.

बांधावरचा

युरोपकडे कोणीच पाहिले नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएमने २०१७ साली ट्रान्स्फर पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या २५० आणि ३०० ईएक्ससी जाहीर केल्या, आणि त्या नंबरप्लेटसह युरोपच्या रस्त्यांवर चालल्या. इटलीच्या बेटाची एक्सट्रेनर ३०० तर मुद्दाम मवाळ केलेली, ट्रेलसाठीचीच टू-स्ट्रोक आहे. त्यामुळे धाग्याच्या नावातले ‘बंद केल्या’ हे जपानी कंपन्यांपुरतेच मानावे लागेल.

चाकणकर

बांधावरचा यांचा मुद्दा बिनतोड आहे. केटीएमची पद्धत थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची नाही, पण ताज्या हवेच्या वाटेत योग्य क्षणी पेट्रोल सोडल्याने निसटणारा हिस्सा बराच घटतो, आणि ऑइलसाठी स्वतंत्र पंप असल्याने इंजिनाला कामाप्रमाणे मोजूनच वंगण मिळते. जपान्यांनी जे सोडून दिले ते त्यांच्यापेक्षा लहान अशा ऑस्ट्रियन कंपनीने करून दाखवले. या कंपनीशी पुण्याचे नाते तर २००७ पासूनचे आहे, जेव्हा बजाजने तिच्यात पहिली गुंतवणूक केली. आणि २०२४ च्या अखेरीस केटीएम आर्थिक संकटात सापडली तेव्हा तिला वाचवण्यासाठी ८० कोटी युरोंची तजवीज २०२५ मध्ये बजाजनेच केली. आता टू-स्ट्रोक एन्ड्युरो (रानातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या) गाड्यांचे भवितव्य ठरवताना आकुर्डीचा, म्हणजे बजाजच्या मुख्यालयाचा, शब्द मोजला जाणार आहे.

सह्यकडा

नवी मुले सर-रॉन आणि तसल्या विजेच्या हलक्या गाड्यांवर रान शिकत आहेत. हलकी, स्वस्त, दुरुस्तीला सोपी आणि आवाज नाही. केडीएक्सची जागा पुढे त्याच घेतील असे मला मनापासून वाटते.

माधवी_व्हिक्टोरिया

सह्यकडा, तासा-दोन तासांच्या फेरीसाठी मान्य. दिवसभर गुरांमागे फिरायचे असेल तर चार्जिंगचा प्रश्न उरतोच, आणि बॅटरी गेली की तिला लेथवाल्यांकडे नेऊन उपयोग नाही.

दऱ्याखोरे

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. चाकणकर आणि बांधावरचा यांनी दिलेली माहिती धरली तर माझे म्हणणे असे नेमके करावे लागेल: ईपीएच्या नियमाने जपानी कंपन्यांना एक पर्याय दिला होता. शर्यतीच्या गाड्याही प्रमाणित करून घेतल्या, तर मर्यादा २ ऐवजी ४ ग्रॅम मिळत होती. कार्बोरेटरवाल्या साध्या टू-स्ट्रोकला तेही दूरचेच होते, पण होंडाच्या ज्वलनपद्धतीला किंवा थेट फवारणीला जोड देऊन त्या दिशेने काम करता आले असते. कोणीही केले नाही, कारण चार मोठ्या कंपन्यांपैकी एकीलाही शंभर किलोच्या, स्वस्त, विसेक वर्षे टिकणाऱ्या गाडीत नफा दिसत नव्हता. केटीएम आणि बेटाने तंत्र आणले, परंतु त्यांच्या गाड्यांच्या किमती केडीएक्स घेणाऱ्या माणसाच्या आवाक्यातल्या नाहीत. त्यामुळे बंद पडली ती टू-स्ट्रोक नव्हे, पगारदार माणसाला परवडणारी टू-स्ट्रोक, आणि तिचा निर्णय कारखान्यात झाला, असे मी आता म्हणेन.

अनुराधाताईंना एवढेच सांगतो की माझ्या गाडीत मी धूर कमी करणारे, पूर्ण कृत्रिम टू-टी ऑइल मोजून टाकतो आणि हवा खराब असलेल्या दिवशी गाडी बाहेर काढत नाही.

लेथवाला, तुम्हाला एक विचारायचे आहे. जुन्या केडीएक्सच्या किप्स व्हॉल्वचे लहान दाते झिजतात आणि कंपनीकडून मिळणारे सुटे भाग दरवर्षी कमी होत आहेत. झिजलेला नमुना आणि मापे पाठवली, तर तसे भाग तुमच्याकडे बनवून मिळतील का? इथे माझ्यासारखे आणखी काही जण वाट पाहत आहेत.

लेथवाला_कोल्हापूर

नुसती मापे पाठवू नका, झिजलेला आणि त्यातल्या त्यात चांगला, असे दोन्ही भाग पाठवा. झिजलेल्यावरून मूळ माप काढता येत नाही. दात्यांचे काम उद्यमनगरातच हॉबिंगवर (दाते कापणाऱ्या यंत्रावर) होईल, पण धातू कोणता आणि कडकपणा किती हे आधी तपासावे लागेल, कारण एक्झॉस्टच्या उष्णतेत साधे पोलाद टिकणार नाही. आधी एकच जोडी बनवतो. ती तुमच्या गाडीत एक पूर्ण मोसम चालली की मग बाकीच्यांच्या ऑर्डर घेऊ.

कास्टर_तेल

कडकपणाची चाचणी मी पुण्यात करून देऊ शकतो. लेथवाला, भाग आले की मला खाजगी संदेश पाठवा.